हेवी मेटलच्या गाण्यांचा अर्थ कसा लावायचा: सोलापुरातल्या नव्या श्रोत्यांसाठी

हेवी मेटल ऐकायला लागलेल्या पोराला घरातून पहिला प्रश्न येतो तो हाच: "हा काय म्हणायलाय?" आवाज आवडलेला असतो, रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी धून, डोक्यात बसलेला असतो, पण शब्द विचारले की पोरगं गप्प. मग कुणी सांगतं ही सगळी सैतानाची गाणी, कुणी म्हणतं नशेची, आणि न तपासता तेच आपण पुढच्याला सांगायला लागतो. सोलापुरात मेटल ऐकणारे मूठभर असतील. पण अकरावी-बारावीची, इंजिनिअरिंगची नवी पोरंपोरी त्यात येत राहतात आणि त्यांना शेजारी बसवून चार गोष्टी सांगणारं सहसा कुणी भेटत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

खाली पायऱ्या दिल्या आहेत. पण एक गोष्ट सगळ्यांत आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गाण्याचा अर्थ काय हे विचारण्याआधी गाण्यात बोलतंय कोण हे विचारा. मेटलवर झालेले आरोप काय, किंवा चाहत्यांनीच पसरवलेल्या खुळचट कहाण्या काय, बहुतेक वेळा हा प्रश्न न विचारल्यामुळेच जन्माला आल्या आहेत.

पायरी पहिली: आधी शब्दांशिवाय ऐका

एकच गाणं निवडा. पूर्ण अल्बम नको, प्लेलिस्ट नको. हेडफोन लावा, फोन पालथा ठेवा आणि शब्द न वाचता तेच गाणं लागोपाठ दोनदा ऐका. जवळ एक साधी वही ठेवा. त्यात एवढंच लिहा: वेग कुठे वाढला, सगळं कुठे थांबलं, गाणाऱ्याचा आवाज कुठे बदलला, वाद्यांखेरीज आणखी काही ऐकू आलं का. मेटलमध्ये आवाजही काहीतरी सांगत असतो, आणि पुष्कळदा शब्दांच्या आधी सांगतो.

ब्लॅक सॅबथचं 'वॉर पिग्ज' घ्या. १९७० च्या 'पॅरानॉइड' अल्बममधलं पहिलं गाणं. सुरुवातीच्या संथ, जड गिटारवर एक भोंगा वाजायला लागतो. एका मित्राच्या घरी आम्ही हे स्पीकरवर लावलं होतं. त्याचे आजोबा मिलमध्ये साचेखात्यात नोकरी केलेले. आतल्या खोलीतून त्यांनी विचारलं, "कुठल्या पाळीचा भोंगा रे हा?"

गाण्यातला भोंगा हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा आहे. गाणं युद्धाचं आहे: सेनापती बेत आखतात, पुढारी सुरक्षित जागी बसून राहतात, लढायला गरिबांची पोरं जातात, आणि शेवटी त्या पुढाऱ्यांचा न्याय होतो. आजोबांना मात्र त्यात पाळी ऐकू आली. वहीत दोन्ही लिहायचं, पण वेगवेगळ्या पानांवर. डाव्या पानावर 'गाण्यात काय आहे', उजव्या पानावर 'ऐकणाऱ्याला काय वाटलं'. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. भांडणं होतात ती उजव्या पानावरचं डाव्या पानावर लिहिल्यामुळे.

आजोबांचं पान फुकट गेलं असं मात्र समजू नका. ब्लॅक सॅबथ बर्मिंगहॅमचा बँड, म्हणजे कारखान्यांच्या शहरातला. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. त्याने बोटांना प्लास्टिकच्या टोप्या बनवून घेतल्या, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ च्या अल्बमपर्यंत तारा सैल करून सूरच खाली उतरवला. मेटलचा तो जड, खालचा आवाज बऱ्याच अंशी त्या जखमी बोटांमधून आलेला आहे. तेव्हा मिलमधल्या माणसाला त्यात मिल ऐकू आली यात मला नवल वाटत नाही. पण म्हणून गाणं मिलवर आहे असं होत नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

पायरी दुसरी: कानाने उतरवा, मग डोळ्यांनी तपासा

आता शब्द. लगेच नेटवर शोधू नका. जेवढे ऐकू येतात तेवढे स्वतः लिहा, न कळलेल्या जागी रेघ मारा. मग तपासा. अल्बमबरोबर आलेली छापील पुस्तिका मिळाली तर उत्तम. नाही तर बँडने स्वतः टाकलेला शब्दांसहितचा व्हिडिओ बघा. नेटवरचे शब्द बरेचदा चाहत्यांनीच कानाने लिहिलेले असतात आणि एकाची चूक दहा जण उतरवून घेतात. निदान दोन ठिकाणी जुळवून बघा.

याला महत्त्व का, तर एका शब्दाने गाणं उलटं होतं. 'पॅरानॉइड' हे गाणं निराशेत रुतलेल्या माणसाचं आहे. त्यात शेवटी तो ऐकणाऱ्याला सांगतो की तू तरी जगण्याचा आनंद घे, माझ्यासाठी आता उशीर झालाय. कित्येकांना तिथे नेमकं 'आयुष्य संपव' असं ऐकू येतं. एवढ्या एका चुकलेल्या कानावर लोकांनी बँडबद्दल काय काय ठरवून टाकलं.

ग्राउल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, आणि किंचाळीच्या गाण्यांत सुरुवातीला एक शब्दही हाती लागणार नाही. त्यात कमीपणा नाही. शब्द समोर ठेवून तीन-चारदा ऐकलंत की कान व्यंजनं पकडायला लागतो, मग स्वर. तोवर स्वच्छ गाणाऱ्यांपासून सुरुवात करा: रॉनी जेम्स डिओ, रॉब हॅलफर्ड, ब्रूस डिकिन्सन. यांचा शब्द न् शब्द सुटा ऐकू येतो.

गाणी उलटी वाजवून लपलेले संदेश शोधण्याच्या नादी लागू नका. जुडास प्रीस्टवर अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात १९९० मध्ये खटला चालला. दोन तरुणांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, त्याला गाण्यातला छुपा संदेश कारणीभूत आहे, असा कुटुंबांचा दावा होता. ज्या गाण्यावर बोट ठेवलं ते बँडचं स्वतःचं नव्हतंच, स्पूकी टूथ या दुसऱ्या बँडचं होतं. ऐकू येणारा तो कथित शब्द म्हणजे श्वास सोडण्याचा आवाज आणि गिटार यांची योगायोगाने झालेली सरमिसळ आहे, असं न्यायाधीशांनी म्हटलं आणि निकाल बँडच्या बाजूने लागला. त्या कुटुंबांचं दुःख खरं होतं. पण शोधायचंच म्हटलं की कान काहीही शोधून देतो.

शब्द पक्के झाले की भाषांतर करत बसू नका. गाण्याची गोष्ट चार वाक्यांत मराठीत सांगा, तीही दुसऱ्या माणसाला. आपल्याकडे ही सोय चांगली आहे. एकाच कट्ट्यावर मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे असतात. पूर्व भागातला आमचा एक मित्र नवं गाणं लागलं की आईला तेलुगूत त्याची गोष्ट सांगतो. मावशी विडीची पानं कापता कापता ऐकतात, आणि "मग पुढं?" असं त्यांनी विचारलं की आम्ही समजतो, याला गाणं कळलं. नुसते शब्द कळलेल्या माणसाची गोष्ट दुसऱ्या वाक्यातच अडखळते.

पायरी तिसरी: बोलतंय कोण?

ही पायरी मोठी आहे, वेळ काढून करा.

एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाही खुद्द नाथांना विंचू चावला असं वाटत नाही. नाथ कधी जोशी होऊन बोलतात, कधी गोंधळी, कधी बायको. मंडळी टाळ्या देतात आणि खरं बोलणं काय ते ओळखतात. आपल्या सोलापूरच्या कवी कुंजविहारींच्या 'भेटेन नऊ महिन्यांनी'मध्ये फासावर जाणारा पोरगा आईला सांगतो की रडू नकोस, नऊ महिन्यांनी पुन्हा तुझ्या पोटी येतो. त्यातला 'मी' कवी नाही, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. हीच समज मेटलपाशी आलो की आपण दाराबाहेर ठेवतो. तिथे गाणाऱ्याने 'मी मारलं' म्हटलं की तो खुनी आणि 'मी सैतान पाहिला' म्हटलं की तो सैतानाचा भक्त.

पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ओळीच्या समासात लिहा: ही ओळ कोणाच्या तोंडची? कोणाला उद्देशून? आयर्न मेडनच्या १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट' या एकाच अल्बममध्ये याचे तीन नमुने सापडतात.

'रन टू द हिल्स'मध्ये पहिलं कडवं अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या तोंडचं आहे: गोरा माणूस समुद्रापलीकडून आला आणि आमची वाताहत केली. दुसरं कडवं त्यांचा पाठलाग करणाऱ्या सैनिकांचं. तिसऱ्यात कुणीतरी लांबून पाहणारा बोलतो. एकच गायक, पण बोलणारे तीन. दुसरं कडवं एकटं उचललं तर गाणं क्रूर वाटेल. पहिल्याशेजारी ठेवलं की कळतं, क्रौर्य दाखवायलाच त्याला बोलतं केलंय. चाल घोडदौडीची आहे, ऐकताना पाय आपोआप हलतात, आणि त्याच वेळी शब्दांत कत्तल चालू असते. पहिल्या पायरीतल्या तुमच्या नोंदी इथे कामाला येतात.

ज्या गाण्यावरून अल्बमला नाव पडलं, त्याच्यापायी अमेरिकेत धार्मिक गटांनी या बँडच्या रेकॉर्डी जाळल्या. शब्द बघितलेत तर बोलणारा माणूस घाबरलेला आहे. रात्री त्याने काहीतरी भयंकर पाहिलंय, ते खरं की स्वप्न हे त्याला कळत नाही, हे पोलिसांना सांगावं का याचा तो विचार करतोय. मूळ कल्पना बँडचा बेसवादक स्टीव्ह हॅरिसची. भुताखेताचा एक सिनेमा पाहून त्याला पडलेल्या वाईट स्वप्नावरून ती सुचली.

तिसरं, अल्बममधलं शेवटचं, 'हॅलोड बी दाय नेम'. फाशीच्या कोठडीतला कैदी, घंटा वाजतेय, शेवटचे काही क्षण. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. चार हुतात्मा चौकातून रोज जाणाऱ्या माणसाला हे गाणं वेगळं लागणारच. ते उजव्या पानावर जरूर लिहा. डाव्या पानावर मात्र त्या कैद्याचा गुन्हा काय, तो निर्दोष की दोषी, याबद्दल काहीच लिहिता येणार नाही, कारण गाणं ते सांगत नाही.

आता सगळ्यात उपयोगी उदाहरण. मेटालिकाचं 'मास्टर ऑफ पपेट्स', १९८६, साडेआठ मिनिटांचं. आमच्या कट्ट्यावर यावरून एकदा चांगलीच जुंपली. एक म्हणाला, "पुढाऱ्यावर हाय की बे, लोकांना नाचवतो तो." दुसरा म्हणाला, "मालकावर हाय, कामगारांचं गाणं हाय हे." तिसऱ्याने दोघांनाही सांगितलं, "ओळ दाखवा." दोऱ्या ओढण्याची ओळ दोघांच्याही कामाची होती. पण मग शिरांचा उल्लेख येतो, सुईचा येतो, आरशावर काहीतरी बारीक कापण्याचा येतो. पुढाऱ्याच्या अर्थात आरसा कुठे बसवणार? मालकाच्या अर्थात सुई? नशेच्या अर्थात सगळं जागच्या जागी बसतं: आरशावर कोकेनची पूड, शिरेत सुई, आणि हळूहळू हुकूम सोडायला लागलेली ती वस्तू. गाण्यातला 'मी' म्हणजे नशा, आणि ती माणसाशी बोलतेय.

इथे पुढे आणखी एक गंमत आहे. गाण्याच्या मधोमध सगळं शांत होतं, दोन गिटारी हळू वाजत राहतात. तो भाग संपून आवाज पुन्हा चढला की बोलणारा बदललेला असतो. आता माणूस मालकाला जाब विचारतोय: मी ज्या स्वप्नांमागे धावलो ती कुठे आहेत, तू मला नुसतं खोटं सांगितलंस. मग हुकूम परत सुरू होतात, आणि गाणं संपतं ते हसण्याच्या आवाजावर. समासात 'नशा' आणि 'माणूस' असं लिहून हे गाणं एकदा ऐकाच. शांत भाग तिथेच का ठेवलाय ते कुणाला सांगावं लागणार नाही.

यातून कट्ट्याचा एक नियम ठरला: ज्या अर्थात जास्त ओळी बसतात आणि कमी ओळी लटकत राहतात, तो अर्थ वरचढ. पुढाऱ्याचा अर्थ चुकीचा म्हणून हाकलून द्यायची गरज नाही, पण आरशाची ओळ शिल्लक ठेवणारा अर्थ दुसऱ्या नंबरवर बसतो.

गाणारा तोच लिहिणारा असेल असंही धरून चालू नका. ब्लॅक सॅबथमध्ये ऑझी ऑस्बोर्न गात होता, पण सुरुवातीच्या अल्बमांचे बहुतेक शब्द बेसवादक गीझर बटलरचे. रश या बँडचे शब्द ड्रमर नील पर्ट लिहायचा. 'ऑझीला असं वाटायचं' म्हणण्याआधी नाव बघा.

आणि हा प्रश्न विचारून सगळं सुटतं असंही नाही. स्लेयरचं १९८६ चं 'एंजल ऑफ डेथ' हे ऑशविट्झच्या छळछावणीत कैद्यांवर अमानुष प्रयोग करणारा डॉक्टर योझेफ मेंगेले याच्यावर आहे. गाणं फक्त वर्णन करतं. 'हे वाईट आहे' असं कुठेही म्हणत नाही. कोलंबिया कंपनीने तो अल्बम वितरित करायला नकार दिला होता. गाणं लिहिणारा जेफ हॅनेमन म्हणायचा की तो माणूस दुष्ट होता हे उघडच आहे, वेगळं सांगायचं कशाला. मला त्यात मेंगेलेची स्तुती दिसत नाही. पण ज्यांची माणसं त्या छावण्यांत गेली, त्यांना ही शांतता सहन झाली नाही तर त्यांना 'मेटल कळत नाही' म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. अशा गाण्यापाशी घाई करू नका.

पायरी चौथी: गाणं आलं कुठून?

आता नेट उघडा. गाण्यामागे पुस्तक, युद्ध, बातमी, प्रवास काही आहे का ते शोधा. हे शेवटी करायला सांगतोय कारण आधी वाचलं की कान बंद होतात.

मेटालिकाच्या 'वन'मागे डाल्टन ट्रम्बो यांची १९३९ ची एक कादंबरी आहे. पहिल्या महायुद्धातला सैनिक: हातपाय गेले, डोळे गेले, कान गेले, बोलता येत नाही, पण मन शाबूत. तो डोकं आपटून मोर्सच्या खुणांनी बोलायचा प्रयत्न करतो. हे कळल्यावर गाण्याच्या उत्तरार्धातले डबल बेस ड्रम पुन्हा ऐका. बंदुकीच्या फैरीसारखे एकामागून एक येतात. आयर्न मेडनचं 'द ट्रूपर' क्रिमियन युद्धातल्या १८५४ च्या बॅलाक्लाव्हाच्या लढाईचं, तोफांच्या तोंडी पाठवलेल्या घोडदळाचं. बोलणारा त्यातलाच एक शिपाई.

पण शोधायला निघालात की प्रत्येक दगडाखाली काहीतरी असेलच असंही नाही. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'वर लोकांनी नशेपासून जगबुडीपर्यंत अर्थ लावले. प्रत्यक्षात ४ डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रूच्या कॅसिनोत, फ्रँक झाप्पाचा कार्यक्रम चालू असताना, प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा पेटता गोळा सोडणारी बंदूक, उडवली, आग लागली, कॅसिनो जळाला आणि धूर तळ्यावर पसरला. बँड तिथे रेकॉर्डिंगसाठीच आला होता. त्यांनी जे पाहिलं ते ओळीने सांगितलं. गाण्यात नावाने येणारा क्लॉड हा माँत्रू महोत्सवाचा क्लॉड नोब्ज, लोकांना आगीतून बाहेर काढणारा. पलीकडे काही नाही, आणि म्हणून गाणं लहान होत नाही.

नावावर तर बिलकुल जाऊ नका. लेड झेपेलिनचं 'काश्मीर' सुचलं ते दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर, आणि बँडचा गायक रॉबर्ट प्लांट तोवर काश्मीरला गेलेलाही नव्हता. आपल्याकडचे चाहते या गाण्यात चिनार आणि दल लेक शोधत बसतात याचं मला वाईट वाटतं, कारण त्यापायी त्यातलं खरं ऊन सुटून जातं. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिप्परग्याच्या बाजूने मोटारसायकलवर गेलेल्या माणसाला ते ऊन लगेच ओळखू येईल.

पायरी पाचवी: लिहिणाऱ्याने सांगितलेला अर्थ

मुलाखतीत गीतकाराने अर्थ सांगितला की विषय संपला, असं पुष्कळांना वाटतं. त्याची साक्ष मोठी, पण एकमेव नाही.

कधी ती साक्ष गाणं वाचवते. १९ सप्टेंबर १९८५ ला अमेरिकेच्या सिनेटच्या समितीसमोर गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टरचा गायक डी स्नायडर तिथे हजर झाला. त्याच्या 'अंडर द ब्लेड' या गाण्यात लैंगिक छळ आहे असा, गाण्यांच्या शब्दांविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या टिपर गोर यांचा आरोप होता. स्नायडरने सांगितलं की गाणं शस्त्रक्रियेच्या भीतीचं आहे, बँडमधल्या गिटारवादकाच्या घशाचं ऑपरेशन व्हायचं होतं तेव्हा लिहिलेलं. टेबल, पट्टे, पातं या गोष्टी ऑपरेशन थिएटरच्या अर्थात बरोबर बसतात. म्हणजे नुसता त्याचा शब्द नव्हे, ओळीही त्याच्या बाजूने उभ्या होत्या.

कधी मात्र बँडमध्येच मतं फुटतात. ऑझीच्या १९८० च्या 'सुइसाइड सोल्यूशन'बद्दल ऑझी म्हणायचा की ते दारूपायी गेलेल्या, एसी/डीसी बँडच्या गायक बॉन स्कॉटवरून आलं. शब्द लिहिणारा बॉब डेझ्ली म्हणतो, ते खुद्द ऑझीच्या पिण्याबद्दल होतं. माणूस कुठला यावर वाद आहे, पण गाणं दारूबद्दल इशारा देणारं आहे यावर नाही. तुम्ही तेवढं पक्कं धरा.

आणि कधी गाणंच वाटेत बदलतं. मेटालिकाच्या 'एंटर सँडमन'चे पहिले शब्द पाळण्यात दगावणाऱ्या बाळाबद्दल होते. निर्माता बॉब रॉक आणि ड्रमर लार्स उलरिक यांनी ते बदलायला लावले आणि गाणं रात्रीच्या भीतीचं झालं. जुना मसुदा माहीत असणं चांगलं, पण तो आता गाण्यात नाही. अर्थ छापलेल्या शब्दांचा लावायचा.

पायरी सहावी: चौघांत बसा

एकट्याने लावलेला अर्थ फार लवकर पक्का होतो. तीन-चार जण जमवा. जुळे सोलापुरातली कुणाचीही गच्ची चालेल, उन्हाळ्यात आठनंतर. त्याआधी गच्ची तापलेली असते. शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करून स्पीकर लहान ठेवा. एका बैठकीला एकच गाणं. पहिल्यांदा सगळ्यांनी न बोलता ऐकायचं. दुसऱ्यांदा शब्द समोर ठेवून. मग प्रत्येकाने आपला अर्थ सांगायचा, आणि सांगताना ओळ दाखवायची. ओळ न दाखवता 'मला असं फील होतं' म्हणणाऱ्याला अडवू नका, फक्त ते उजव्या पानावर टिपा.

ज्याने आधीच नेटवर सगळं वाचून ठेवलंय, त्याने सगळ्यांत शेवटी बोलायचं. हा नियम कडक पाळा. तो पहिल्यांदा बोलला की बैठक संपली.

नव्या माणसाला 'हे पण माहीत नाही?' म्हणू नका, मुलींना तर 'पाच गाणी सांग बघू' अशी परीक्षा अजिबात घेऊ नका. मेटलच्या कट्ट्यांवर ही वाईट खोड फार आहे, आणि तिच्यामुळे चांगले कान निघून जातात. आमच्यात 'रन टू द हिल्स'मधले तीन बोलणारे पहिल्यांदा ओळखले ते एका नव्यानेच आलेल्या मुलीने. ती लहानपणापासून कीर्तनाला बसलेली, बुवा कुठल्या क्षणी कुणाच्या तोंडून बोलायला लागतात हे तिच्या कानाला ठाऊक होतं.

अर्थ लावणं कधी थांबवायचं

मेटालिकाचं १९८४ चं 'फेड टू ब्लॅक' जगण्याचा धीर सुटलेल्या माणसाच्या तोंडचं आहे. बँडचं सामान चोरीला गेलं त्या काळात बँडचा गायक जेम्स हेटफील्डने ते लिहिलं. या गाण्याने आम्हाला तारलं असं सांगणारे चाहते जगभर आहेत, आणि ते खरं असतं. आपल्या मनातलं दुसऱ्याने म्हटलं की ओझं हलकं होतं. पण कट्ट्यावरचा कुणी अशा गाण्यातला 'मी' स्वतःच आहे असं म्हणायला लागला, परत परत तेच लावायला लागला, बोलणं कमी केलं, तर वही मिटा. 'कसा आहेस' हे सरळ विचारा, मरणाचे विचार येतात का हेही विचारा, आणि घरच्या एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेवा.

सुरुवात कुठून करावी

पहिलं गाणं 'स्मोक ऑन द वॉटर' घ्या, म्हणजे सरळ गोष्ट सरळ ऐकायची सवय लागेल. मग 'वॉर पिग्ज', आवाज आणि शब्द एकत्र वाचायला. मग 'रन टू द हिल्स', समासात नावं लिहायला. त्यानंतरच 'मास्टर ऑफ पपेट्स'. 'वन' कादंबरीची माहिती न वाचता एकदा आणि वाचून एकदा ऐका. दोन्ही वेळच्या नोंदी जपून ठेवा.

यानंतर मुंबईच्या डिमॉनिक रिझरेक्शन या बँडचा २०१७ चा 'दशावतार' अल्बम लावा. एकेका गाण्यात विष्णूचा एकेक अवतार आहे. शब्द इंग्रजी, गळा ग्राउलचा, पण गोष्टी आजीने सांगितलेल्या. लंडनच्या श्रोत्याला त्यासाठी नेट उघडावं लागेल, तुम्हाला नाही. मत्स्यापासून सुरू करा आणि आठवड्याला एक अवतार घ्या. नरसिंहापर्यंत आलात की घरात कुणाला तरी शेजारी बसवा, आणि या वेळी "हा काय म्हणायलाय?" असं विचारलं गेलं तर गाणं थांबवून खांबाची गोष्ट त्यांनाच सांगायला लावा.